आबा 'हो हो' म्हणतात, पण त्यांना ऐकू किती आलंय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सासरे ७९ वर्षांचे, शुगर आणि हार्टची ट्रीटमेंट चालू, दर महिन्याला दवाखान्यात नेता, डॉक्टर पाच मिनिटं सगळं नीट सांगतात, आबा मान हलवत 'हो हो' करतात आणि बाहेर आल्यावर विचारलं काय म्हणाले, तर "काय न्हाय, बरं हाय म्हणाले". आणि यात दोनदा गोळ्यांचा घोळ झालाय. आता डॉक्टरांना मोठ्यानं बोला म्हणून सांगू का, का सरळ कानाचं मशीनच घेऊ, असं तुम्ही विचारताय.

मी गेली २३ वर्षं कोल्हापुरात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी, म्हणून काम करते, आधी हॉस्पिटलमध्ये आणि नंतर स्वतःच्या क्लिनिकमध्ये, आणि हाच प्रश्न घेऊन आठवड्यातून चार घरं तरी येतातच, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी ते 'हो हो' काय आहे ते बघूया. ती आबांची रीत आहे. आपली जुनी माणसं डॉक्टरांसमोर उलटं विचारत नाहीत, एकदा "काय म्हणालात?" विचारतात, दुसऱ्यांदा विचारायला त्यांना लाज वाटते, तिसऱ्यांदा तर विचारतच नाहीत, कारण बाहेर शंभर पेशंट बसलेत, डॉक्टरांचा वेळ जातोय, मुलगा अर्धी रजा टाकून आलाय हे सगळं त्यांना दिसत असतं. मग मान हलते. ती मान बघून डॉक्टरांना वाटतं कळलं, तुम्हाला वाटतं कळलं, आणि आबांना स्वतःलासुद्धा वाटतं की बऱ्यापैकी कळलं, कारण आवाज तर आलेला असतो. खरी गोची इथंच आहे. म्हाताऱ्या माणसांचं एक वाक्य मी रोज ऐकते, "ऐकू येतंय ओ, पण कळत न्हाय". घरच्यांना हा बहाणा वाटतो. पण ते शंभर टक्के खरं सांगत असतात.

त्याचं कारण असं. वय झालं की कानाच्या आतल्या शंखातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरत जातात, आणि त्यातल्या उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी आधी जातात. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ असे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते जोरदार असतात आणि बहुतेक शेवटपर्यंत ऐकू येतात. पण स, श, फ, त, थ, क, च ही व्यंजनं हळू आणि उंच पट्टीतली, तीच गळतात. म्हणजे आबांच्या कानात वाक्य पोचतं ते मधली मधली अक्षरं पुसलेलं. 'साठ' मधला स गेला की उरतं 'आठ'. 'पाव गोळी' आणि 'पाच गोळी' यात फरक फक्त एका शेवटच्या अक्षराचा. उरलेलं मेंदू अंदाजानं भरतो आणि तो अंदाज आधी जे माहीत आहे त्यावरून करतो.

एक केस सांगते, माणूस ओळखू येणार नाही इतपतच. इचलकरंजीचे एक आजोबा, सगळी हयात यंत्रमागावर गेलेली. इन्सुलिन चालू होतं, रात्रीचं दहा युनिट. शुगर कमी यायला लागली म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला आणि सांगितलं, "आता सहा घ्यायचं, सहा". आजोबांच्या कानात 'स' आलाच नाही, आला फक्त '..हा', आणि मेंदूनं त्यात जुना 'द' घातला. त्यांनी मान हलवली, वर स्वतः म्हणालेसुद्धा "बरं, तेवढंच घेतो". चार दिवसांनी पहाटे अंग घामानं ओलंचिंब, हातपाय थरथरत होते. आजीनं वेळेत साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. पुढं ती आजी माझ्याकडं त्यांना घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टर दोनदा बोललं ओ, मी ऐकलंय". बरोबर आहे, दोनदाच बोलले होते. पण दोन्ही वेळा तोच शब्द, त्याच पद्धतीनं, आणि कागदावर जुन्याच आकड्यावर पेन फिरवून केलेली खाडाखोड. यात चूक शोधत बसायचं म्हटलं तर कुणाचीच सापडत नाही, पण जीव जाता जाता राहिला.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, डॉक्टरांना मोठ्यानं बोला असं सांगू का? नको. मोठ्यानं बोलून स्वर मोठे होतात, आणि ते तर आबांना आधीच ऐकू येतात, गळलेली व्यंजनं ओरडून परत येत नाहीत. उलट ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, ओठ वाचता येत नाहीत आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो. दुसरं म्हणजे अशा कानांची एक खोड असते, हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा केला की एकदम कानात घण मारल्यासारखा लागतो, मग आजोबा वैतागून म्हणतात "ओरडताय कशाला, भैरा हाय का मी". घरचे म्हणतात, बघा, सोयीचं तेवढं ऐकू येतं. तसं नसतं हो. त्या माणसाकडं हळू आणि जोरात यांच्यामधली जागाच फार थोडी उरलेली असते.

ओरडण्याचा तिसरा तोटा मला सगळ्यात जास्त सलतो. ओपीडीत दार उघडं, पडद्यापलीकडं आणखी दोन पेशंट, आणि डॉक्टर मोठ्यानं विचारतायत "आजी, लघवीला त्रास होतो का?" कोणती आजी खरं सांगेल? एक आजी कित्येक वर्षं अंग बाहेर येण्याचा त्रास सोसत होत्या, ओलं-सुकं सांभाळत, कार्यक्रमाला जाणं बंद केलेलं, आणि दर वेळी दवाखान्यात "काय न्हाय, बरं हाय". माझ्या साउंडप्रूफ खोलीत टेस्टला बसल्या, दार बंद झालं, मी हेडफोनमधून हळू बोलले, ते त्यांना स्वच्छ ऐकू आलं आणि त्या एकदम रडायला लागल्या आणि सगळं बोलल्या. कानाची टेस्ट बाजूलाच राहिली. त्यांना त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला खाजगी असं काही उरतच नाही, हे आपल्या लक्षात येत नाही.

मग डॉक्टरांना सांगायचं तरी काय? "आबांना कमी ऐकू येतं" एवढंच सांगितलं की डॉक्टर सवयीनं आवाज चढवतात आणि दोन वाक्यांनंतर तुमच्याकडं वळून तुमच्याशीच बोलायला लागतात. त्यापेक्षा नेमकं सांगा, की डॉक्टर, आबांच्या चांगल्या कानाच्या, समजा डाव्या, बाजूनं, त्यांच्याकडं तोंड करून, जरा सावकाश बोला, त्यांना कळतं. बहुतेक डॉक्टर आनंदानं करतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. मी स्वतः अनेक डॉक्टरांशी यावर बोललेय, एकानंही नाही म्हटलेलं नाही.

अंतर ही सगळ्यात स्वस्त ट्रीटमेंट आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाचा जोर मोजायचं माप) पडतो, साधं बोलणं एका मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे टेबलापलीकडून खुर्ची रेलून बोलणारे डॉक्टर आणि पुढं सरकून बोलणारे डॉक्टर यात आबांसाठी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यामुळं आबांची खुर्ची टेबलाच्या बाजूला घ्यायला सांगा. वरचा खडखडणारा फॅन दोन मिनिटं बंद करा म्हणायला लाजू नका. खिडकी डॉक्टरांच्या पाठीमागं असेल तर त्यांचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसत नाहीत, तेव्हा जागा बदला. कॉम्प्युटरकडं बघत बोललेलं अर्धं वाक्य स्क्रीनलाच जातं. आणि मास्क. कोविडनंतर पुष्कळ डॉक्टर मास्क लावतात, लावायलाही हवा, पण साधा सर्जिकल मास्क उंच पट्टीतले तीन-चार डेसिबल खातो आणि एन-९५ तर १२ च्या आसपास, म्हणजे नेमकं जे आबांना कमी पडतं तेच, वर ओठ झाकलेले. मास्क काढता येत नसेल तर तिथं लिहून देणं हाच मार्ग.

ओठांवरून आठवलं, इचलकरंजीची मागवाली माणसं. शेडमध्ये सगळे माग चालू असताना ९० डेसिबलच्या वर आवाज असतो, कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० हीच मर्यादा धरलीय. तिथं वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान तरुणपणीच जातात, ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीत, ऑडिओग्रामवर (कानाच्या टेस्टच्या आलेखावर) खड्डा पडलेला दिसतो, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या लोकांचंही तेच. पण मागवाली मंडळी त्या आवाजात एकमेकांशी ओठ आणि हात बघून बोलायला शिकलेली असतात, त्यामुळं म्हातारपणी समोरच्याचा चेहरा दिसला तर ती इतरांपेक्षा कितीतरी जास्त समजून घेतात. तुमच्या आबांनी आयुष्यभर काय काम केलं हे तुम्ही लिहिलं नाही, पण डॉक्टरांना आणि कानाची टेस्ट करणाऱ्याला ते जरूर सांगा.

शब्दांचं पण बघा. मेंदू गाळलेल्या जागा भरतो तो ओळखीच्या शब्दांनी. जो शब्द आयुष्यात कधी वापरलाच नाही तो अर्धा ऐकून पुरा कसा होणार? बाहेरून आलेले तरुण डॉक्टर फार मनापासून पुस्तकी मराठीत विचारतात, "आपणास बद्धकोष्ठतेचा त्रास आहे का?" आजोबांना वाटतं कोष्टी म्हणाले, आणि ते सांगतात न्हाय ओ, आम्ही शेतीवाली माणसं. "सकाळी पोट साफ होतंय का?" हे विचारलं की अर्ध्या आवाजातसुद्धा पोचतं. तसंच तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत म्हणावं. 'उपाशीपोटी' नाही कळलं तर 'चहाच्या आधी' म्हणावं. विषय बदलताना आधी सांगावं, "आबा, आता पायाच्या सुजेचं बोलूया", नाहीतर ते अजून बीपीवरच असतात आणि उत्तर भलतंच येतं, मग फाइलवर 'गोंधळलेले वाटतात' अशी नोंद पडते.

ही नोंद साधी नसते. विसरभोळेपणाच्या बऱ्याच चाचण्या तोंडी असतात, तीन शब्द सांगतो ते लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करा वगैरे. ज्याला शब्दच नीट ऐकू आले नाहीत तो आठवणार काय? वय झाल्यावर कमी ऐकू येणं आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) यांचा संबंध आहे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया कमिशननं २०१७ पासून तो टाळता येण्याजोग्या कारणांत धरलाय, म्हणून तर कानाकडं लक्ष द्यायचं. पण कान तपासल्याशिवाय कुणाला 'डोकं गेलंय' म्हणायचं नाही, घरीसुद्धा नाही. ॲडमिट असताना तर हे फार घडतं. आजी आयसीयूत, कानातलं मशीन आणि चष्मा सोन्याच्या बांगड्यांबरोबर सुनेच्या पर्समध्ये सुरक्षित, आणि रात्री आजी सैरभैर, सलाइन ओढतायत, कुणाचं ऐकत नाहीत. ऐकणार कशा? अनोळखी जागा, दिसत नाही, ऐकू येत नाही, तोंडाला मास्क लावलेली माणसं अंगाला हात लावतायत. मशीन आणि चष्मा पेशंटच्या अंगावर राहू द्या, एमआरआय वगैरेला काढायला सांगतील तेव्हाच काढायचं. एक झाकणाची डबी उशाशी ठेवा, वर नाव लिहा, कारण काढलेलं मशीन चादरीत गुंडाळून धुलाईला गेल्याची उदाहरणं ढीगभर आहेत. ऑपरेशन असेल तर भूल देईपर्यंत मशीन कानात राहू दे आणि शुद्धीवर आल्या आल्या परत घालू दे, अशी भूलतज्ज्ञांना विनंती करा.

मशीन नसेल आणि डॉक्टरांना लगेच काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे, स्टेथोस्कोप पेशंटच्या कानात घालायचा आणि दुसऱ्या टोकाला, गोल चकतीपाशी, अगदी हळू बोलायचं. हळूच बोलायचं हं, चकतीवर टिचकीसुद्धा मारायची नाही. वॉर्डात मी हे कितीदा केलंय. म्हातारं माणूस एकदम सावध होऊन बसतं आणि चेहराच बदलतो. फोनमधलं गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीत बोललेलं लिहून दाखवतं, वाचता येणाऱ्या आजोबांना त्याचा उपयोग होतो, फक्त औषधांची नावं आणि आकडे त्यावर सोडू नका.

आकड्यांसाठी मी एकच सांगते, बोललेला आकडा धरायचाच नाही. डोस कागदावर, जाड काळ्या पेननं, मोठा लिहायचा, जुना कागद फाडून टाकायचा, त्यावर खाडाखोड नको. वाचता येत नसेल तर उगवता सूर्य, ताट आणि चंद्र काढायचे आणि त्याच्याखाली गोळीच चिकटपट्टीनं चिकटवायची. आणि निघण्याआधी डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी "कळलं का?" असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर 'हो' हेच येणार. विचारायचं, "आबा, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगणार, रात्री कुठली गोळी?" त्यांच्या तोंडून आलं की कळलं. नाही आलं तर आपलं सांगणं कमी पडलं, त्यांचा कान नव्हे. यात अर्धा मिनिट जातो. इन्सुलिनवाल्या आजोबांना हा एक प्रश्न विचारला असता तर ते तिथंच "दहा" म्हणाले असते.

आता तुमच्या बाजूचं, ताई. तुम्ही बरोबर जाता हे फार चांगलं, पण डॉक्टरांनी आबांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, निदान लगेच देऊ नका. मोजून पाच सेकंद थांबा. त्यांना ऐकायला, गाळलेल्या जागा भरायला आणि मग विचार करायला वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात बोलून टाकतो. अशी चार वेळा उत्तरं दुसऱ्यानं दिली की ते ऐकण्याचा प्रयत्नच सोडतात. डॉक्टर तुमच्याकडं बघून बोलायला लागले की तुम्ही आबांकडं बघा, डॉक्टरांची नजर आपोआप तिकडं वळते. बाहेर बसल्यावर नंबर पुकारतात तो त्यांना ऐकू येणार नाही, सिस्टरना आधीच सांगून ठेवा की हात करा किंवा जवळ येऊन खांद्याला हात लावा. एकटे जात असतील तर हे फारच महत्त्वाचं, कारण नंबर गेला म्हणून न दाखवता केएमटीच्या सिटी बसनं घरी परतलेली माणसं मला माहीत आहेत.

मशीनबद्दल. आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवून कानात मळ आहे का ते बघा, कधी कधी नुसता मळ काढला तरी पुष्कळ फरक पडतो. रस्त्यावर कान साफ करणाऱ्यांकडं अजिबात नको आणि गरम तेलही नको. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची टेस्ट, ती कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात होते, खाजगीतही होते. रिपोर्टशिवाय, ऑनलाइन बघून मशीन घेऊ नका, ते सगळेच आवाज वाढवतं आणि कपाटात जातं. नीट बसवलेलं मशीनसुद्धा सवय व्हायला काही आठवडे घेतं, आणि ते घातलं तरी वरचं सगळं, जवळून, तोंड दाखवून, सावकाश, हे लागतंच. खर्चाचं म्हणाल तर ६५ च्या पुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३००० रुपये एकरकमी मिळायची तरतूद आहे आणि श्रवणयंत्र त्यात बसतं. चांगलं डिजिटल मशीन तेवढ्यात येत नाही, पण हातभार लागतो. दोन्ही कानांचा लॉस ६० डेसिबल किंवा जास्त असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचीही चौकशी करा.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. एका कानानं अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर ते वयाचं नाही, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, सुरुवातीच्या दिवसांत औषध मिळालं तर कान वाचायची शक्यता जास्त असते. आणि आबांना लघवीच्या जास्त पॉवरच्या गोळ्या किंवा जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं चालू झाली आणि कानात गुणगुण सुरू झाली तर ते डॉक्टरांना लगेच कळवा. मनानं बंद मात्र काही करू नका.

पुढच्या भेटीआधी एक काम करा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या आणि जाड अक्षरात लिहा: "मला कमी ऐकू येतं. डाव्या बाजूनं, माझ्याकडं बघून, सावकाश बोला. गोळ्या मोठ्या अक्षरात लिहून द्या. मी काय समजलो ते मला विचारा." जास्त ऐकू येणारा कान डावा का उजवा ते आबांनाच विचारा, फोन ते कुठल्या कानाला लावतात त्यावरूनही कळतं. लिहिण्याआधी त्यांना वाचून दाखवा आणि त्यांची परवानगी घ्या, कारण कार्ड त्यांचं आहे. मग ते फाइलच्या वरच्या बाजूला, आतल्या पानावर नव्हे, सेलोटेपनं चिकटवा, म्हणजे आबांनी फाइल टेबलावर ठेवली की तेच पहिलं दिसेल. आणि ऑडिओमेट्री झाली की रिपोर्टमधले दोन्ही कानांचे आकडे मला लिहून कळवा, कुठल्या टाइपचं मशीन बघायचं ते त्यावरून सांगते.